प्रतिसरकारातल्या बायकांची नोंद कशी करायची?

वारणाकाठ

सातारच्या प्रतिसरकारावर, म्हणजे इंग्रजांना झुगारून भूमिगतांनी गावोगावी चालवलेल्या समांतर सरकारावर, हाती लागेल ते मी बरीच वर्षं वाचते आहे. नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, कॅप्टन भाऊ, प्रतिसरकारचं सशस्त्र दल असलेली तुफान सेना, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ अडवून लुटलेली रेल्वे, गावोगावची न्यायदान मंडळं, हे सगळं कुठं ना कुठं छापलेलं आहे. पण १९४३ ते १९४६ ही वर्षं कार्यकर्ते घराबाहेर होते. ते जेवत कुठं होते? निरोप कोण पोचवत होतं? पोलीस वेशीत आले की बंदूक कुणाच्या कणगीत जात होती? ही उत्तरं बायकांकडं होती, आणि त्यांची दखल बहुतेक ठिकाणी ‘महिलांनीही मोलाचे सहकार्य केले’ अशा एका ओळीत घेतलेली असते.

काही नावं आपल्याला माहीत आहेत, आणि तीही पुरेशी सांगितली जात नाहीत. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई. कासेगावच्या इंदुताई पाटणकर, ज्यांनी कोवळ्या वयात घर सोडून चळवळ धरली. अमळनेर-धुळ्याकडच्या लीलाताई पाटील. कराडच्या वेणूताई चव्हाण, ज्यांचं लग्न २ जून १९४२ ला झालं आणि लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला पोलिसांनी त्यांना उचललं, कारण नवरा भूमिगत होता. वेणूताईंचा दाखला मला फार महत्त्वाचा वाटतो. नवरा सापडत नाही तर बायकोला आत टाका, म्हातारीला चावडीवर बसवा, हे तेव्हा सर्रास चालायचं. म्हणजे चळवळीत पाऊल टाकलं नाही तरी चळवळीची किंमत बाई मोजतच होती.

आणि काळ युद्धाचा होता, हेही आपण विसरतो. जपानी ब्रह्मदेशापर्यंत आलेले, भारत संरक्षण कायदा लागू, रेल्वे किंवा तारा तोडणं म्हणजे सरकारच्या लेखी युद्धात घातपात. धान्याची टंचाई, रॉकेलची मारामार. अशा दिवसांत घरात चार परकी माणसं जेवली तर ते लपवायचं कसं, याचा विचार रोज कुणीतरी करत होतं.

मी आमच्या वाळवा, पलूस, कडेगाव भागातल्या घरांतून आठवणी गोळा करते आहे. त्या वेळी सोळा वर्षांची असलेली मुलगी आज शंभरीला टेकलेली असणार, त्यामुळं बहुतेक ठिकाणी सुना आणि लेकी बोलतात. माझा अनुभव असा की ‘तुमच्या सासूबाई चळवळीत होत्या का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. एका घरात म्हातारी स्वतःच होती. म्हणाली, “न्हाई गं बाई, म्या काय केलंय? भाकऱ्या थापल्या नुसत्या.” मग मी विचारलं, कुणासाठी? किती? पीठ कुठनं आणायचात? पुढं दुपार टळून गेली तरी ती बोलत होती.

पत्रकार पी. साईनाथांनी बंगालमधल्या पुरुलियाच्या भवानी महातोंबद्दल लिहिलंय ते अगदी असंच आहे. स्वातंत्र्यलढ्याशी माझा काही संबंध नाही, असं त्या ठामपणे सांगत होत्या. नवरा तुरुंगात असताना शेती बघून, रांधून, भूमिगतांना जेवू घालणाऱ्या त्याच होत्या.

तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल, घरात ऐकलं असेल, कागद कुठं सापडतात हे माहीत असेल, तर इथं लिहा. या बायकांचं चरित्र त्यांच्या नावानं लिहिलं जावं एवढीच धडपड आहे.

---

अरुंधती_प

फार गरजेचा धागा. हौसाताईंबद्दल थोडं तपशिलात लिहाल का? माझ्या मुलीला शाळेत प्रकल्प आहे आणि पुस्तकात नाना पाटलांवर एक परिच्छेद आहे, हौसाताईंचं नावही नाही.

---

वारणाकाठ

अरुंधतीताई, लिहिते. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं पळवायची होती. ठाण्याबाहेर घरगुती भांडणाचं सोंग रचलं. हौसाताईंना रस्त्यावर आडवं पाडून मारहाण सुरू, मोठा धोंडा उचलून ‘आता हिला संपवतोच’ अशी आरडाओरड. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतून हत्यारं उचलली. हौसाताई तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या. मार खोटा वाटू नये म्हणून खराच बसला, आणि एवढं जोरात मारायची काय गरज होती अशी त्यांची तक्रार म्हातारपणीही कायम होती.

गोव्याची गोष्ट याहून जिवावरची. हत्यारांच्या कामी गेलेले कार्यकर्ते बाळ जोशी पोर्तुगीज पोलिसांच्या हाती लागले. हौसाताई बहीण म्हणून तुरुंगात भेटायला गेल्या, सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी अंबाड्यात खोचून. परतताना मांडवी ओलांडायची, होडी नाही. मध्यरात्री एका पेटीवर पालथं पडून त्या पलीकडं गेल्या. २३ सप्टेंबर २०२१ ला त्या गेल्या, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी.

मुलीला एक आवर्जून सांगा. हौसाताईंची आई त्या लहान असतानाच गेली. वडील भूमिगत, घरदार-शेत सरकारनं जप्त केलेलं, आणि भीतीपोटी गावात कुणी कामाला बोलवत नव्हतं. पोट कसं भरायचं, हा त्यांचा पहिला लढा होता. प्रकल्पात ठाण्याचा प्रसंग येईलच, त्याच्या जोडीला हेही येऊ दे.

---

नाना_सातारकर

ताई, स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाची प्रकरणं मी नोकरीत असताना हाताळली आहेत, म्हणून लिहितो. बायकांची नावं का गळाली याचं मोठं कारण तिथं आहे.

केंद्राची योजना १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आली, १९८० मध्ये तिची व्याप्ती वाढवली. पात्रतेला किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास लागायचा, स्त्रियांसाठी तीन महिने. तुरुंगवास नसेल आणि भूमिगत म्हणून अर्ज करायचा असेल तर सहा महिन्यांहून जास्त काळ भूमिगत असल्याचं दाखवावं लागे, शिवाय फरारी म्हणून जाहीर झालेलं असणं, डोक्यावर इनाम असणं किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघालेला असणं यातलं काहीतरी हवं. आता विचार करा. जी बाई घरातच राहून रात्री दार उघडत होती, तिच्या नावानं हुकूम कोण काढणार? ती सापडली नाही हेच तर तिचं यश. पण सापडली नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून ती सैनिक नाही.

माझ्या टेबलावर आलेल्या अर्जांत बायकांचे अर्ज बहुतांशी विधवा म्हणून असायचे. नवऱ्याच्या कामाचा पुरावा जोडलेला आणि स्वतःबद्दल एक ओळ नाही. आणि तरी त्या फायली चाळाच. नवऱ्याच्या अर्जाला जोडलेल्या सहकाऱ्यांच्या प्रमाणपत्रांत ‘आम्ही अमुक यांच्या घरी आश्रयास होतो’ अशी वाक्यं असतात. तो ‘अमुक’ घरचा कारभारी म्हणून पुरुष असतो, पण घर कुठलं हे तर कळतं. त्या घरात तेव्हा चूल कुणाच्या हातात होती हे पुढं तुम्ही शोधायचं.

दुसरी जागा तलाठ्याकडची. जमीन जप्त झाली असेल तर फेरफार नोंदीत त्याचा माग लागू शकतो. सातबारा आत्ताचा बघून उपयोग नाही, जुने फेरफार मागा.

---

गिरगावकर

मुंबईचा एक धागा जोडतो. उषा मेहतांचं भूमिगत काँग्रेस रेडिओ केंद्र. मी राहतो तिथून पारेखवाडी हाकेच्या अंतरावर आहे आणि रोज तिथून जाणाऱ्यांनाही ही गोष्ट धड माहीत नसते, याचं मला वाईट वाटतं.

ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस प्रक्षेपण सुरू झालं, ४२.३४ मीटरवर, ‘हिंदुस्थानातून कुठूनतरी’. उषाबेन बावीस वर्षांच्या. पोलिसांच्या शोधगाड्या माग काढायच्या म्हणून जागा सतत बदलत ठेवली. चौपाटीची सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडचा अजित व्हिला, शेवटी पारेखवाडी. सुरुवातीला ‘हिंदुस्थान हमारा’, शेवटी ‘वंदे मातरम्’. वर्तमानपत्रांचं तोंड बांधलेलं असताना चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आष्टी-चिमूर या बातम्या त्यांनी दिल्या. १२ नोव्हेंबर १९४२ ला त्यांच्याच एका तंत्रज्ञानं जागा दाखवली आणि धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवडा. पुढं त्यांनी पीएच.डी. केली, विल्सन कॉलेजात शिकवलं, आणि १९९८ साली पद्मविभूषण मिळालं.

संशोधनाच्या दृष्टीनं सांगायचं ते असं. त्या केंद्रावरून काय बोललं गेलं हे आज आपल्याला शब्दशः वाचता येतं, कारण पोलिसांचे लोक ऐकून टिपून घेत होते. गोळा केलं खटल्यासाठी, उपयोगी पडलं इतिहासाला. नानांनी म्हटलंय ते याच्या उलट बाजूनं खरं ठरतं: उषाबेन पकडल्या गेल्या म्हणून त्यांचा कागद आहे.

---

शेवंती

सगळ्यांचं वाचलं. मनापासून एक शंका मांडते. भाकरी देणारी आणि ठाण्यातल्या बंदुका पळवणारी, दोघींना एकाच ओळीत बसवलं तर हौसाताईंसारख्यांच्या धाडसाची किंमत कमी होत नाही का? माझे आजोबा त्या काळी तुरुंगात होते. ते म्हणायचे, जेवण तर सगळं गाव देत होतं, जीव मोजके लोक देत होते. गावातल्या प्रत्येक बाईला क्रांतिकारक म्हटलं तर शब्दाला काही अर्थ उरणार नाही.

---

वारणाकाठ

शेवंती, तुमच्या आजोबांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. सगळं गाव देत नव्हतं, एवढं मात्र कामाच्या अनुभवावरून नक्की सांगते. गावात खबरे होते, पाटील-कुलकर्ण्यांतले काही सरकारच्या बाजूचे होते, आणि तुफान सेनेनं ज्यांना शिक्षा केली त्यांची माणसंही त्याच गल्लीत नांदत होती. अशा गावात एखादंच घर दार उघडायचं आणि ते कुठलं हे शेजारणीला कळू द्यायचं नसायचं. पकडलं गेलं असतं तर जप्ती, मारहाण, तुरुंग. ही निवड होती, आणि ती एकदा नाही, रोज करावी लागत होती.

धाडसाची प्रतवारी मला लावायचीच नाही. कुणी काय केलं ते नेमकं लिहायचं. भाकरी थापली तर भाकरी थापली असंच लिहा, तिच्या हातात उगाच पिस्तूल देऊ नका. पण ती थापताना काय जोखीम होती, हेही त्याच नेमकेपणानं आलं पाहिजे.

---

कुंभारगल्ली

पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्या सासूबाईंचं सांगते, त्या आता नाहीत. त्यांचं सासर पलूसकडचं. घरी रात्री माणसं यायची. त्या सांगायच्या, सगळ्यात भीती जात्याची वाटायची. घरात पाच माणसं, आणि जातं दहा माणसांचं दळण दळतंय हे शेजारच्या घरात पहाटे ऐकू जायचं. म्हणून त्या निम्मं दळण आपल्या घरी दळायच्या आणि निम्मं मळ्यातल्या वस्तीवर जावेच्या जात्यावर. भाकऱ्या रात्री भाजायच्या नाहीत, अवेळी धूर दिसतो. दिवसा घरच्या स्वयंपाकातच जास्तीच्या थापायच्या, फडक्यात बांधून, पाटीत खाली ठेवून वर शेणी रचायच्या, आणि पाटी डोक्यावर घेऊन ओढ्याकडं. शेणीची पाटी कुणी पोलीस उपसत नाही, असं त्या म्हणायच्या. एकदा एकानं खाली उतरवायला लावली होती. त्यांनी उतरवली आणि तिथंच शेणी थापायच्या जागेवरून त्याच्याशी भांडण काढलं, ही जागा आमच्या भावकीची, तुम्ही इथं उभं का. तो निघून गेला.

हे काही कुठं छापण्यासारखं आहे का मला माहीत नव्हतं. घरात कुणी विचारलं नाही. सासरे बोलायचे, त्यांना बोलावणी यायची १५ ऑगस्टला. सासूबाई चहा करायच्या.

---

अरुंधती_प

कुंभारगल्लीताई, हे छापायलाच हवं. जात्याच्या आवाजाचं वाचून अंगावर काटा आला. आणि जात्यावरून आठवलं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकता येतात. वारणाताई, प्रश्न विचारून झाले की ओवी म्हणायला सांगून बघा. जे सरळ सांगता येत नाही ते बायका ओवीत घालत आल्या आहेत, आणि गाताना माणसांची, गावांची नावं आपसूक येतात.

---

वैदर्भी

एका जड विषयावर लिहिते आहे. गिरगावकरांनी चिमूरचा उल्लेख केला. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूरमध्ये उठाव झाला, सरकारी अधिकारी मारले गेले, आणि मग लष्कर आलं. पुरुषांना धरून नेलं आणि मागं राहिलेल्या बायकांवर सैनिकांनी अत्याचार केले. चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे सहकारी भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं. चिमूरबद्दल काही छापायलाच बंदी होती. नागपूरच्या अनसूयाबाई काळे तिथं गेल्या, बायकांशी बोलल्या, आणि पुढं फाशीची शिक्षा झालेल्यांसाठी झगडल्या.

तेव्हा चिमूरच्या बायकांनी, १९४२ साली, खेड्यात, परक्या माणसांसमोर तोंड उघडून सांगितलं की आमच्यावर काय झालं. माझ्या लेखी हा प्रतिकारच आहे, आणि फार मोठा. पण आपल्याकडं चिमूर सांगताना हुतात्म्यांची नावं घेतात आणि बायकांशी आलो की ‘अनन्वित अत्याचार’ म्हणून पुढं जातात.

मात्र नोंद करणाऱ्यांना हात जोडून सांगते. अशा घरात गेलात तर नाव लिहू का हे विचारा, आणि नाही म्हटलं तर नाही. सुनेला माहीत नसलेली गोष्ट आपल्या वहीतून तिच्या नातवंडांपर्यंत जायला नको. त्यांनी तेव्हा सांगितलं ते न्यायासाठी. आज त्यांच्या परवानगीवाचून आपण सांगितलं तर ते कशासाठी, याचं उत्तर आपल्याकडं हवं.

---

दूरदेशी

लंडनहून लिहितो आहे. इथं नूर इनायत खान यांच्यावर बरंच काम झालं आहे, त्यातलं आपल्या उपयोगाचं तेवढं सांगतो. त्यांचे वडील, सूफी गायक इनायत खान, बडोद्याचे, म्हणजे गायकवाडांच्या दरबारी संगीतपरंपरेतल्या घराण्यातले. नूर मॉस्कोत जन्मल्या, पॅरिसमध्ये वाढल्या, वीणा वाजवायच्या, मुलांसाठी गोष्टी लिहायच्या. ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेतर्फे बिनतारी यंत्र चालवायला जून १९४३ मध्ये व्याप्त फ्रान्समध्ये उतरल्या. आजूबाजूचे सहकारी भराभर पकडले जात असताना परत येण्याची संधी नाकारून त्या पॅरिसमध्ये संदेश पाठवत राहिल्या. ऑक्टोबरमध्ये अटक झाली आणि १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाऊच्या नाझी छळछावणीत त्यांना गोळी घातली. १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस.

त्यांची सरकारी फाईल आता लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कुणालाही बघता येते. प्रशिक्षण देणाऱ्यांनी तिच्यात त्यांच्याबद्दल फारसं बरं लिहिलेलं नाही: बुद्धीची चमक नाही, स्वभाव या कामाला योग्य नाही, अशा अर्थाचे शेरे आहेत. नुसती ती फाईल वाचून कुणी चरित्र लिहिलं असतं तर केवढा अन्याय झाला असता. कैदेत त्यांनी तोंड उघडलं नाही हे युद्धानंतर पकडलेल्या जर्मन अधिकाऱ्यांच्या जबान्यांतून आणि सोबतच्या कैद्यांच्या आठवणींतून पुढं आलं. म्हणून वारणाताई, पोलिसांचा कागद मिळाला तरी तो एकाच बाजूचा धरून चाला, आणि आठवण मिळाली तरी तिला दुसरी आठवण शेजारी लावा.

दुसरं असं की नूरवर लिहिताना लेखकांनी तिला परीकथेतली राजकन्या करून टाकलं, टिपूच्या वंशातली म्हणून तर फारच. तिच्या मनात काय चाललं होतं याचे संवाद रचले. मला ते आवडत नाही. एवढं मोठं आयुष्य असताना त्यावर कल्पनेचा मुलामा कशाला?

---

शेवंती

दूरदेशी, संवाद रचण्याबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. कागद नसलेल्या बायकांवर कादंबरीच लिहिता येईल, चरित्र नाही. कल्पना वर्ज्य केली तर त्या परत एका ओळीत जाऊन बसतील. वाचकाला स्पष्ट सांगा की ही कादंबरी आहे, आणि लिहा.

आणि वारणाताई, कुंभारगल्लीताईंचा प्रतिसाद वाचल्यावर माझं आधीचं मत तसंच राहिलेलं नाही. आजोबा ‘सगळं गाव’ म्हणायचे तेव्हा त्यात आजी कुठं होती, हे मी आत्यांना विचारणार आहे. नव्वदीच्या आहेत, कान शाबूत आहेत.

---

नाना_सातारकर

आत्यांकडं जाल तेव्हा आजींचं माहेरचं नाव आणि माहेरचं गाव आधी विचारून घ्या. आपल्याकडं लग्नात पहिलं नावही बदलायचं. १९४२ ला अटक माहेरच्या नावानं, पुढं सासरी वेगळंच नाव, त्यामुळं एकच बाई दोन कागदांवर दोन बायका म्हणून राहते. मी अशी प्रकरणं केवळ नाव जुळत नाही म्हणून परत जाताना पाहिली आहेत. शाळेत गेली असेल तर शाळेचं जनरल रजिस्टर बघा, जन्मतारीख आणि माहेरचं नाव तिथं मिळतं.

तारखा विचारू नका, सांगता येत नाहीत. थोरला पोटात होता का, जत्रेच्या आधी की नंतर, पेरणी झाली होती का, असं विचारा. कॅलेंडर आपण नंतर लावायचं.

---

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार, इतकं काही मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरवते आहे ते असं. प्रत्येक बाईच्या नोंदीत माहेरचं आणि सासरचं नाव, दोन्ही गावं, सांगणारी कोण आणि तिचं नातं काय, स्वतः पाहिलेलं की ऐकलेलं, आणि नाव जाहीर करायला होकार आहे की नाही. वैदर्भीताई, शेवटचा रकाना तुमच्यामुळं. आवाज मुद्रित करायचा आणि उतरवताना बोली शुद्ध करायची नाही. म्हातारी ‘म्या’ म्हणाली तर ‘म्या’च.

शेवंती, कादंबरीचं तुम्ही म्हणता ते पटतं, पण आधी नोंदी होऊ देत. कादंबरीकाराला पुढं जात्याचा आवाज हवा असेल तर तो आपल्याकडं सापडायला हवा.

कुंभारगल्लीताई, व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. वस्तीवरच्या त्या जाऊबाईंच्या घरचं कुणी आहे का हो? निम्मं दळण त्यांच्याकडं व्हायचं म्हणजे त्यांच्याही घरी ही गोष्ट असणार, त्यांच्या बाजूनं.

नानासाहेब, पलूसकडचे १९४३-४४ चे फेरफार कुठल्या कचेरीत मागायचे? तासगावला की आता पलूस तहसीलला? तेव्हा पलूस हा वेगळा तालुका नव्हता म्हणून विचारते.

---

नाना_सातारकर

दोन्हीकडं अर्ज करा. नवा तालुका होताना दप्तर वर्ग झालं असेल तर पलूसला, नाहीतर तासगावच्या अभिलेख कक्षात. अर्जात गावाचं नाव लिहा, आणि गट नंबराऐवजी जुना सर्व्हे नंबर लिहा. तो माहीत नसेल तर मला कळवा, कसा काढायचा ते सांगतो.

---

कुंभारगल्ली

ताई, निरोप मिळाला. जाऊबाईंची नात विट्याला दिली आहे, तिचा नंबर मिळवते. सर्व्हे नंबर घरात पत्र्याच्या पेटीत कागद आहेत त्यात असेल, रविवारी मुलाला काढायला सांगते.